श्वासाची संथा

शनिवारी सकाळी किल्ली घेऊन मी हॉलवर पोहोचले, तेव्हा दाराला पिवळी पट्टी लावलेली होती. मुलं पायऱ्यांवर बसली होती आणि त्यांचा पाठ सुरू झाला होता. दार बंद असेल तर पाठ थांबवायचा असतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. मृण्मयी ढवळे एक चरण म्हणत होती आणि बाकीची मुलं तो दोनदा म्हणत होती. रस्त्यापलीकडे कुत्र्याला फिरवायला निघालेले एक आजोबा थांबून ऐकत होते.

"मावशी, आपला हॉल आजारी आहे," जाईनं मला बातमी दिली. जाई ही मृण्मयीची धाकटी बहीण, वय वर्षं सात. "दारावर लिहिलंय."

दारावर जवळपास तेच लिहिलं होतं. या खोलीत बोलणाऱ्या सगळ्या मुलांच्या श्वासात फुप्फुसाच्या आजाराची सुरुवातीची लक्षणं आढळली आहेत, तपास पूर्ण होईपर्यंत खोली लहान मुलांसाठी वापरू नये. खाली शहराच्या बालश्वसन मंडळाचा शिक्का होता आणि डॉ. लिएन ट्रान अशी सही होती.

मी मुलांना घेऊन शेजारच्या बागेत गेले. निलगिरीच्या झाडाखाली त्यांनी राहिलेला पाठ पुरा केला. मी त्यांना सरबत दिलं. शाळेत माझं काम एवढंच असे.

ॲडलेडमधली ही शनिवारची संस्कृत शाळा माझ्या वडिलांची. यशवंत देवस्थळी. त्यांचं सगळं आयुष्य इचलकरंजीला फाउंड्रीत गेलं. आई गेल्यावर ते माझ्याकडे आले, आणि इथे दिवसभर खिडकीत बसण्यापेक्षा बरं म्हणून मराठी मंडळाच्या पोरांना शिकवायला लागले. मुलं त्यांना आबा म्हणत. त्यांची पद्धत जुनी होती. पहिलं वर्ष वही नाही, पुस्तक नाही, पडदा नाही. नुसती संथा. त्यांनी एकदा म्हणायचं, मुलांनी दोनदा म्हणायचं, आणि सगळ्यांचं सारखं येईपर्यंत पुढे जायचं नाही. "मी म्हणतो तसं," ते सांगत. "अक्षर तसं, सूर तसा. अर्थ मागाहून येतो आपल्या पायांनी."

इथे आल्यावर ते स्वतः श्लोक रचू लागले होते. या शहरावर, इथल्या तापलेल्या वाऱ्यावर, भल्या पहाटे भांडणाऱ्या मॅगपाय पक्ष्यांवर. रचना व्हायची सावकाश, जसा श्लोक होईल तसा मुलांना मिळायचा. मागच्या हिवाळ्यात आबा गेले. मला वाटलं, शाळा आता आपोआप बंद पडेल. पुढच्या शनिवारी मी हॉल परत करायला गेले तर मुलं येऊन बसली होती आणि तेरा वर्षांची मृण्मयी त्यांना संथा देत होती. मी किल्ली परत खिशात ठेवली.

आता त्या यंत्राबद्दल सांगायला हवं.

सलग काही उन्हाळे या भागात वणव्यांचा धूर शहरावर येऊन बसला. आठवडे-आठवडे आकाश दिसत नसे. त्यातून मुलांमध्ये फुप्फुसांचे आजार वाढले, आणि ते लवकर ओळखायचं एक साधन निघालं. बोलताना माणूस कुठे आणि कसा श्वास घेतो, यावरून त्याच्या फुप्फुसांची अवस्था कळते. निरोगी माणूस बोलणं एखाद्या थांब्यावर आलं की श्वास घेतो. आजारी माणसाला तेवढा धीर नसतो. त्याला वाक्याच्या मध्येच घाईचा, उथळ श्वास घ्यावा लागतो, आणि तो श्वास आत जाताना एक बारीक आवाज होतो. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, यंत्राला येतो. छातीच्या फोटोत काही दिसायच्या वर्ष-दोन वर्षं आधी येतो.

म्हणून मुलं जमतात त्या प्रत्येक खोलीत भिंतीवर साबणाच्या वडीएवढी एक डबी बसवली गेली. आमच्या लोकांनी तिचं नाव कानोसा ठेवलं. मुलांचं बोलणं कुणी ऐकू नये म्हणून कानोसा शब्द तिथल्या तिथे टाकून देतो आणि फक्त श्वास ठेवतो. मुलांची नावंही त्याला माहीत नसतात. त्याला खोली कळते, आणि खोलीतले वेगवेगळे आवाज कळतात. आमच्या हॉलमध्ये तो आबा गेल्यानंतर बसवला गेला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी निनाद ढवळेच्या गॅरेजमध्ये पालक जमले. निनाद हा मृण्मयी आणि जाईचा बाप.

"उंदीर असतील हॉलमध्ये," मालूकाकू म्हणाल्या. त्यांचा नातू शाळेत होता.

"काकू, उंदरांनी फुप्फुसं बिघडत नाहीत," निनाद म्हणाला.

"तुला काय ठाऊक? तू कंप्यूटरवाला."

"बुरशी असेल नाहीतर छताचे जुने पत्रे," दुसरं कुणी म्हणालं. "भाडं कमी म्हणून घेतला ना तो हॉल?"

सगळ्या मुलांच्या तपासण्या तोवर झाल्या होत्या. फोटो स्वच्छ होते, फुंकायच्या चाचण्या उत्तम होत्या. पण त्यानं कुणाला धीर येत नव्हता, कारण कानोसा ओळखतो ते फोटोत दिसण्याच्या आधी. आज काही नाही, याचा अर्थ उद्या काही नाही असा होत नव्हता. एक आई एवढंच बोलली, "परवा रात्रभर मी तिच्या छातीवर हात ठेवून बसले होते."

मग निनाद माझ्याकडे वळला. "गौतमीताई, राग मानू नका. आबांबद्दल मला किती आदर आहे, तुम्हाला माहीत आहे. पण संस्कृत ॲपवरही येतं. फुप्फुसं ॲपवर येत नाहीत. मंडळानं खोली आजारी ठरवली तर शाळेची परवानगी जाईलच. त्याच्या आधी मीच पोरींना काढतो."

"ॲप संथा देत नाही, बाबा," गॅरेजच्या दारातून मृण्मयी म्हणाली. ती तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. "ॲप नुसती शाबासकी देतं."

"तू आत जा."

ती गेली. आबांच्या मागे राहिलेल्या गोष्टींत त्यांचे चष्मे होते, दोन स्वेटर होते आणि ही शाळा होती. चष्मे मी देऊन टाकले होते. शाळा जाऊ द्यायची माझी तयारी नव्हती, आणि दुसऱ्यांच्या मुलांच्या छातीवर माझा हट्ट चालवायचा अधिकार मला नव्हता.

सोमवारी मी बालश्वसन मंडळात गेले. डॉ. ट्रान माझ्यापेक्षा लहान होत्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या खूपच काळजीत होत्या. "एखाद्या खोलीत एक मूल, फार तर दोन मुलं सापडतात," त्या म्हणाल्या. "अकराच्या अकरा मी आजवर पाहिली नाहीत. आम्ही हवा तपासली, भिंती खरवडल्या, पत्रे तपासले. काही मिळत नाही. मला तुमची खोली कळत नाही."

त्यांनी भिंतीवर आलेख लावले. प्रत्येक आवाजाची एक रेघ, जिथे श्वास तिथे एक खळगा.

नद्यांच्या प्रवाहाचे आलेख वाचणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. गेली वीसेक वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. मी त्या रेघा पाहिल्या आणि त्या एकमेकींवर ठेवायला सांगितल्या.

अकरा रेघांची एक जाड रेघ झाली.

"ती एकत्र म्हणतात, म्हणून श्वासही एकत्र घेत असतील," डॉ. ट्रान म्हणाल्या. "गाणाऱ्यांचं तसं होतं."

"एकेकट्यानं म्हणतात तेव्हाचे दाखवा."

पाठाच्या शेवटी प्रत्येक मूल एकटं म्हणून दाखवतं. ते आलेख त्यांनी काढले, एकावर एक ठेवले. तरी एकच रेघ. खळगे त्याच जागी होते आणि त्यांची खोलीही तीच होती.

"दोन नद्यांना एका दिवशी पूर येऊ शकतो," मी म्हणाले. "पण दोन नद्यांचे आलेख असे तंतोतंत जुळले, तर मी समजते की कुणीतरी एकाच नदीचं मोजमाप दोनदा भरलंय. आजार असा शिस्तीत येतो का, डॉक्टर? सात वर्षांच्या मुलीला आणि तेरा वर्षांच्या मुलीला एकाच अक्षरावर धाप लागते?"

त्या आलेखाकडे बघत राहिल्या. "नाही," त्या म्हणाल्या. "आजार प्रत्येकाला आपापल्या तऱ्हेनं होतो."

"हा पहिला खळगा कुठल्या शब्दावर आहे?"

"शब्द आम्ही ठेवत नाही."

शब्द माझ्याकडे होते. पाठ करायचा म्हणून मी कधीच पाठ केला नव्हता, पण दर शनिवारी सरबत ढवळता ढवळता कानावर पडून पडून तो बसला होता. वेळेच्या खुणांवर बोट ठेवत मी म्हणू लागले.

*धूमे गते पुनर्—*

आणि मी श्वास घेतला. घाईनं, अर्धा. तो घेताना माझे खांदे किंचित वर गेले. मग *नीलं नभः*, पुन्हा श्वास, मग *पश्यन्ति बालकाः*. बोट बरोबर खळग्यांवरून गेलं होतं.

शेवटची काही वर्षं मी जेवताना, चालताना, फोनवर, शेजारच्या खुर्चीत हाच श्वास ऐकला होता. मी बोट काढून घेतलं.

"हा श्वास माझ्या वडिलांचा आहे," मी म्हणाले. "त्यांनी यांना शिकवलं."

"ते कशानं गेले?"

"फाउंड्रीतली बारीक वाळू. उतारवयात तिनं हिशेब केला. फुप्फुसं घट्ट होत गेली."

डॉ. ट्राननी आलेख पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या यंत्रानं आजार बरोबर ओळखला. माणूस तेवढा खोलीत नव्हता."

मला तेव्हा काय वाटलं ते सांगायला सोपं नाही. दुःख होतंच, ते नेहमीचं झालं होतं. पण त्याच्या वरचढ झाला तो अभिमान. यंत्र शब्द टाकून श्वास ठेवतं. जुने पाठक शब्द ठेवत आले, त्यांचे श्वास वाऱ्यावर गेले. या पोरांनी दोन्ही ठेवलं होतं. म्हणतो तसं म्हणा, असं एका म्हाताऱ्यानं सांगितलं आणि ज्यांना घरी फ्रिजमधून दूध काढून आणायला सांगितलेलं आठवत नाही अशा या मुलांनी ते इतकं खरं धरलं, की एक अख्खं आरोग्य मंडळ घाबरलं.

दुसऱ्या दिवशी मृण्मयी आणि आणखी तीन मुलं पालकांबरोबर मंडळात आली. तिथल्या स्वच्छ खोलीत त्यांनी श्लोक म्हटला. भिंतीवरच्या कानोशाचा दिवा तांबडा झाला. मग डॉ. ट्राननी मृण्मयीला तिच्या शाळेतल्या नेटबॉलच्या सामन्याबद्दल विचारलं. ती पंचांवर रागावून इतकं बोलली की तिला थांबवावं लागलं. दिवा शेवटपर्यंत हिरवा होता.

निनादनं भिंतीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "म्हणजे झालं ना?" त्यानं विचारलं. "काढा ती पट्टी."

"मुलं निरोगी आहेत, हे झालं," डॉ. ट्रान म्हणाल्या. "पट्टी मला काढता येत नाही. विचार करा, उद्या यांच्यातलं एखादं मूल खरोखर आजारी पडलं तर? बाकीच्या दहांच्या आवाजात मला ते ऐकूच येणार नाही. या खोलीत माझं यंत्र बहिरं आहे, आणि बहिऱ्या खोलीत मी मुलं बसवू शकत नाही. शनिवारी मी येते. त्यांनी तोच श्लोक आपल्या श्वासानं म्हटला तर हॉल उघडेल. नाही जमलं तर शाळेला परवानगी नाही. मला वाईट वाटतंय."

त्यांचं बरोबर होतं. निनादचंही.

बुधवारी संध्याकाळी मी मुलांना बागेत जमवलं आणि सांगितलं. आबा मध्येच का थांबायचे, ते सांगितलं. मुलांना वाटत होतं की ते थांबणं श्लोकातलंच आहे. जाईनं विचारलं, "दुखायचं त्यांना?" मी सांगितलं, दमायचे.

मृण्मयी गवत उपटत होती. "मग आता आबांचं चूक म्हणायचं?"

"चूक नाही गं."

"ते म्हणायचे, मी म्हणतो तसं. तुम्ही पण ऐकलंय, मावशी. एकदा बदललं की मग उद्या कुणीही काहीही बदलेल."

तिच्याशी वाद घालण्याएवढं संस्कृत मला येत नव्हतं. "श्वास बदलायचा, शब्द नाहीत," मी म्हणाले.

"बरं. मग एकदा कोण म्हणणार?"

मला कळलं नाही.

"संथा अशीच असते ना? आधी कुणीतरी एकदा म्हणतं. मग आम्ही दोनदा. आबा आजारी नव्हते तेव्हा हा श्लोक कसा म्हणायचे? तुम्ही ऐकलाय?"

नव्हता ऐकला. कुणीच ऐकला नव्हता. श्लोक रचला गेला तो इथे, नाकात ऑक्सिजनची नळी आल्यानंतर. लहानपणी मी आबांचा भरदार आवाज ऐकला होता, पण त्या आवाजात हे शब्द कधी आले नव्हते. मागे जाऊन धरावं असं काही नव्हतं. मी तसं सांगितलं.

मृण्मयीनं ओठ न हलवता ओळ मनात म्हणून पाहिली. तिची बोटं गुडघ्यावर अक्षरं मोजत होती.

"मावशी, आबांना छंद पक्का यायचा."

"हो."

"मग ही ओळ स्वतःच्या श्वासात बसत नाही, हे त्यांना माहीतच असणार. छोटी करता आली असती. केली नाही." ती थोडी थांबली. "म्हणजे ही त्यांनी स्वतःला म्हणायला केलीच नव्हती."

बाकीची मुलं तिच्याकडे बघत राहिली. मीही.

कळणं एक आणि जमणं दुसरं. बुधवारी जमलं नाही, गुरुवारी नाही. *पुनर्* आलं की छाती आपोआप वर जायची, खांदे उचलले जायचे. एकजण श्वास दाबून ठेवायचा आणि दोन अक्षरं पुढे जाऊन फस्सकन सोडायचा, मग सगळे हसायचे. मृण्मयी हसत नव्हती. शुक्रवारी ती माझ्याशी बोललीही नाही. निनादचा फोन आला, "ताई, पोरगी जेवत नाहीये नीट. नाही झालं तर नाही झालं, एवढं तिला सांगा." मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

शनिवारी चाचणीपुरता हॉल उघडला. पालक मागे भिंतीला लागून उभे राहिले, निनाद दाराशी, हाताची घडी घालून. डॉ. ट्रान कानोशाखाली खुर्ची घेऊन बसल्या. मुलं नेहमीसारखी जमिनीवर बसली. मृण्मयी त्यांच्यासमोर, आबा बसत त्या जागेच्या किंचित बाजूला.

तिनं सुरुवात केली आणि *पुनर्*वर तिचे खांदे उचलले गेले. ती थांबली. भिंतीवरचा दिवा पिवळा झाला. मागे कुणीतरी पाय हलवला. एका मुलानं सवयीनं तोंड उघडलं होतं, तिनं हातानं त्याला थोपवलं.

मग तिनं दोन्ही तळवे जमिनीवर टेकले, डोळे उघडे ठेवले, आणि पोटातून एक सावकाश श्वास घेतला.

*धूमे गते पुनर्नीलं नभः पश्यन्ति बालकाः*

शेवटाकडे आवाज बारीक झाला, पण तुटला नाही. ओळ कुठेही न थांबता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली. धूर गेल्यावर मुलांना पुन्हा निळं आकाश दिसतं, एवढाच तिचा अर्थ. मला तो आधीपासून माहीत होता. पण आजवर ते तुकडे होते, धूर वेगळा, निळं वेगळं, मुलं वेगळी. आता ते एक वाक्य झालं होतं. ते ज्यानं रचलं त्यानंही असं कधी ऐकलं नव्हतं.

मुलांनी ते एकदा म्हटलं. अडखळत, पण न थांबता. मग दुसऱ्यांदा म्हटलं, आणि या वेळी हॉल भरून गेला. काचा किंचित वाजल्या. मी दिव्याकडे बघायला विसरले. डॉ. ट्रान उठून उभ्या राहिल्या, तेव्हा मी पाहिलं. तो हिरवा होता.

ओळ संपल्यावरच्या शांततेत जाई एकदम ओरडली. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती छातीवर हात ठेवून आश्चर्यानं आमच्याकडे बघत होती.

"मावशी! माझा उरला! अजून खूप उरलाय!"

डॉ. ट्राननी निनादकडे वळून विचारलं, "काय म्हणतेय ती?"

निनादनं हाताची घडी सोडली. "श्वास," तो म्हणाला. "तिचा श्वास उरलाय म्हणते."

"जाई, गप्प बस," मृण्मयी म्हणाली. "पुढचा चरण."